भाजक

पुंता अरेनासच्या शाळेत, व्यायामशाळेमागच्या खोलीत
ट्रेडमिल हळूहळू चढ घेते.
रायेन बार्रिया, सातवी ब, बासष्ट किलो.
मास्कचे पट्टे मी सैल केलेत,
तरी गालावर वळ उठणारच.

यास्नाबाई ओरडतात, आणखी एक मिनिट! आणखी अर्धं!
ती देते. अर्धं मागितलं तर पाऊण देते.
मग हात वर, पट्टा थांबतो.
पडद्यावर: मिनिटाला दोन लिटर चारशे.
सकाळपासून या खोलीत
एवढा प्राणवायू कुणी प्यायला नव्हता.

छापील तक्ता म्हणतो, भागा.
मी भागतो, बासष्टने. एकोणचाळीसही भरत नाहीत.
लाल रकाना.
तिच्यामागून दांको मिमित्सा,
मोजे घोट्यावर उतरलेले, बत्तीस किलो.
सोळाशे मिलिलिटर, भागिले बत्तीस: पन्नास.
हिरवा. बाकी शून्य.

मापात पाप नको म्हणून
मी रोज उजाडताच यंत्राला ओळखीचा वायू हुंगवतो,
काटा जागेवर आणतो.
पाप यंत्रात नव्हतंच,
भाजकात होतं.

अंग दुप्पट झालं म्हणून श्वास दुप्पट होत नाही,
थोडा मागे रेंगाळतो, धाकट्या भावंडासारखा.
आणि चरबी धावत नाही,
ती नुसती सोबत येते.

रात्री वजनाचा दोन-तृतीयांश घात घेऊन पाहिला:
तिचे एकशे त्रेपन्न, त्याचे एकशे एकोणसाठ.
चरबी वजा केली, रायेन पुढे गेली.
मग क्रूसाची टेकडी आठवली, तिच्या पायऱ्या,
जिथे प्रत्येक किलो ज्याचा त्यालाच वर न्यावा लागतो.
तिथे दांको आधी पोचेल.
तेही खोटं नाही.
प्रश्न कोणता विचारला होता
हे तक्त्यावर छापलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली तेव्हा वारा ताशी शंभरचा.
कोपऱ्यावर नगरपालिकेने दोर बांधलेत, धरून चालायला.
दांको दोराला लोंबकळलेला, जाकीट फुगलेलं.
रायेन दोर न धरता चालत होती,
दोन्ही दप्तरं तिच्याच पाठीवर.

"किती आले माझे?"
"दोन लिटर चारशे," मी म्हणालो,
आणि पुढचं काही बोललो नाही.

तो आकडा तिने दांकोला ओरडून सांगितला.
दोनदा.
पहिल्यांदाचा वाऱ्याने नेला.