दाराचे नियम

आधी नियम ऐका, म्हणाली कल्याणी भारंबे,
आणि केळीच्या खोक्याचा पुठ्ठा तिनं फरशीवर पसरला.
स्केचपेननं काढलेलं भुसावळ:
यार्ड, जामनेर रोड, बंद पडलेली जिनिंग,
हतनूरचं धरण, तापीवरचा पूल.
दार म्हणजे काचेची बांगडी.
पत्ता ओढायचा, निघेल त्या जागी बांगडी ठेवायची.
दार उघडलं.
का उघडलं, विचारायचं नाही. गड्डीत होतं म्हणून.

मे महिना, रात्रीचे साडेदहा,
रेल्वे क्वार्टरच्या खिडकीत कूलर घरघरतोय,
ओल्या वाळ्याचा वास.
आम्ही चौघं, आणि एकमेकांविरुद्ध कुणीच नाही.
सगळे मिळून त्या पुठ्ठ्याविरुद्ध.
मुबारक तडवीला हे पटेना.
मंग हरवाचं कोनाले, म्हणाला,
आणि पुरावे म्हणून वाटलेले शेंगदाणे खात राहिला.

उघड्या दारातून दर फेरीला काहीतरी येतं:
शर्टाचं काळं बटण.
तीच जागा पुन्हा निघाली तर नवी बांगडी नाही,
सगळ्याच दारांतून एकेक बटण.
सात बांगड्या झाल्या की शहर गेलं.

दार बाहेरून लागत नाही.
हे तिनं दोनदा वाचलं.
आत जायचं, दोन फेऱ्या तिकडे काढायच्या,
परत यायचं, मगच बांगडी उचलायची.
आणि तिकडे असलेल्यानं इथं बोलायचं नाही.
हे शेवटचं कलम तिचं स्वतःचं, वेगळ्या शाईत.

हिरव्या बांगडीपलीकडे तापी पूर्वेला वाहते,
समुद्राकडून डोंगराकडे, चढ चढत.
लाल बांगडीत एक गाव,
तिथल्या घरांना कड्या फक्त बाहेरून.
निळीत एक प्लॅटफॉर्म आणि घोषणा चालू,
गाडीचं नाव तेवढं ऐकू येत नाही.

निंबा झोपे तीन दिवसांच्या रजेवर होता.
मंगळवारी पहाटे, दुसखेड्याच्या अलीकडे,
पूल उतरताना त्याच्या इंजिनासमोर
एक माणूस उभा होता.
हॉर्न, ब्रेक, सगळं नियमानं झालं.
कागदावर त्याची चूक नाही.
आम्ही त्याबद्दल अक्षर काढलं नव्हतं,
म्हणून तर खेळ काढला असावा.

आणि पत्ता निघाला: पूल. निळी बांगडी.
पुलावर निंबाचीच सोंगटी.
दार उघडेल तिथं जो उभा, तो आपोआप ओढला जातो.
कल्याणी म्हणाली, थांब, दुसरा पत्ता काढू.
नको, म्हणाला तो, जातो मी.
आणि गप्प बसला.

आम्ही खेळत राहिलो.
मुबारकनं यार्डातली दोन बटणं घालवली,
मी जिनिंगपाशी उगीच एक फेरी फुकट घालवली.
निंबा कूलरच्या टाकीतल्या पाण्याकडे बघत होता.
नियमानं गप्प होता की नुसताच,
कळायला मार्ग नव्हता.
लांब यार्डात मालगाडीचे डबे जोडले जात होते.
प्रत्येक धक्क्याला मांडीवरचा त्याचा हात
किंचित सरके.

दुसरी फेरी संपली.
आलास तू, कल्याणी हळू म्हणाली.
आता बोलता येईन का मले?
येईल.
त्यानं हात वर केला होता, निंबा म्हणाला,
गाडी थांबवायले नाही.
कोनी वळखीचं दिसलं की करतो ना आपन, तसा.

कुणीच बोललं नाही.
आम्ही तर इकडेच होतो.

मग त्यानं पुलावरची बांगडी उचलली,
पुसल्यासारखी केली, डब्यात ठेवली.
दाराला कायमची मोहर लावायची
तर पाच पुरावे लागतात.
त्याच्याकडे तीन शेंगदाणे.
मुबारकनं घाईनं मूठ उघडली,
तर नुसती लाल सालं.
म्हणजे दार लागलं, पण मोहर नाही.
पत्ता गड्डीत परत जातो, पिसला जातो.

पाळी कोनाची, निंबानं विचारलं.

गड्डी माझ्यासमोर होती.