चेंबर

नेरूळला पतपेढीच्या वरच्या हॉलात
दर गुरुवारी साडेसहाला
कारखानीसबाई स्फिंक्सच्या पंजाखाली उतरतात.

उजव्या पंजाखाली. डाव्या नाही, हे दोनदा सांगतात.
एकोणतीस पायऱ्या, मग तांब्याचं दार.
आत दालन, दालनात नोंदी,
जन्मलेल्या प्रत्येकाची, म्हणतात,
आणि थोडं थांबून:
नाव ठेवायच्या आधी गेलेल्यांचीसुद्धा.

खुर्च्या प्लास्टिकच्या. पंखा खडखडतो.
चौदा माणसं डोळे मिटून पायऱ्या मोजतात.
मी पंधरावा, दाराशी, बूट हातात.
मला कामासाठी बोलावलंय.

माझं काम म्हणजे ठेकेदाराकडे
जमिनीच्या आत बघायचं यंत्र ढकलणं.
दिसतं बाबागाडीसारखं.
रस्ता खणायच्या आधी मी त्यावरून चालतो
आणि खडूनं लिहितो: पाणी. वीज. गॅस. माहीत नाही.
माहीत नाही हे सगळ्यात जास्त वेळा.
पाइप पडद्यावर भुवईसारखा उमटतो.
पोकळीही भुवईसारखीच.
काहीही विचारा, जमीन नुसती भुवई उंचावते.

बाईंना ध्यानात दिसलंय
की त्या दालनाची एक शाखा
त्यांच्या तळमजल्याच्या खोलीखाली येते.
"शाखा?"
"बँकांच्या असतात, मग याची का नसावी," म्हणाल्या,
आणि हसल्या नाहीत.

रविवारी कपाट सरकवलं, सतरंजी गुंडाळली.
सिडकोची जुनी खोली, मागचं अंगण आत घेतलेलं.
लाद्यांवरून सहा फेऱ्या. चाक कुरकुरत होतं.
बाई पलंगावर पाय वर घेऊन बसलेल्या,
गाडी जाईल तिकडे त्यांची मान.

चौथ्या फेरीत, दीड मीटरवर, भुवई.
रुंद. स्वच्छ. पोकळ.

मला तिथल्या तिथे कळलं.
मलवाहिनी यायच्या आधी अंगणात टाकी असायची,
मग खोली वाढली, टाकीवर लाद्या बसल्या.
आमच्या धंद्यात त्याला चेंबर म्हणतात.
अख्ख्या शहरात चेंबर म्हणजे तेच,
झाकण चोरीला गेलं की
पावसाळ्यात माणूस गिळणारं.

"चेंबर आहे," मी म्हणालो.
यात एक अक्षर खोटं नाही.

बाईंनी चष्मा काढून पुसला. परत पुसला.
"खणता येईल?"
"परवानगी लागेल. पिलरला धोका आहे."
"तिथंही देत नाहीत हो," त्या म्हणाल्या,
जवळजवळ आनंदानं, "इजिप्तमध्ये. किती वर्षं झाली."
मग प्रिंट मागितली. तारीख घाला म्हणाल्या.
घातली. वर नाव काय लिहू, विचारलं.
शेजारच्या घरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.
"जागा सोडा," म्हणाल्या.

पैसे अर्धेच घेतले. का, ते बायकोला सांगता आलं नाही.

सोमवारी घणसोलीला, खाडीच्या अंगाला.
इथं मिठागरात माझ्या बाबांचा वाटा होता,
म्हणजे सात-बारावर होता,
मग साडेबारा टक्क्यांच्या फायलीत होता,
फाइल बेलापूरला कुठल्याशा तळघरात होती.
किती पायऱ्या उतरून, ते कुणी सांगितलं नाही.

या पट्ट्यात पडदा नेहमीच काळा.
खाऱ्या मातीत लाट हातभरही उतरत नाही,
वरच्या वर मरते.
यंत्राच्या पुस्तकात पान बावीसवर लिहिलंय,
त्यात गूढ काही नाही.

सुखदेव खडू घेऊन उभा.
"मढवीभाऊ, काय लिहू?"

मी ढकलतोय. पायाखाली डांबर, त्याखाली भराव,
त्याखाली पांढरं काहीतरी, असावं.
अकरा. बारा. तेरा.
"थांब रे जरा," म्हटलं.