ठिपक्यांचा रकाना

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, मे महिना.
पत्र्याखाली पंखा नुसता उकाडा ढवळतो
आणि गड्डम शेठ मला विचारतात,
"तयार घ्यायचं, का शिवून घ्यायचं?"
जणू सॉफ्टवेअर म्हणजे लग्नातली सफारी.

तयारवाला परवाच पुण्याहून येऊन गेला.
त्याच्या पडद्यावर सगळं गुळगुळीत,
कारखान्याचं नावही आधीच टाकून आणलेलं
(गड्डममधला एक ड कमी).
वर्षाला एक लाख चाळीस हजार, शिकवणी फुकट.
शेठ म्हणाले, यात कामगाराची उचल कुठं भरायची?
लोन आहे ना सर, व्याजाचा दर टाका.
शून्य.
त्यानं शून्य टाकला.
पडदा लाल झाला.

म्हणून मी.
घरात तेलुगू, गल्लीत मराठी,
सात वर्षं हिंजवडीत कुठल्या कुठल्या बँकांची कर्जं सांभाळून
आईच्या गुडघ्यांसाठी परत आलेली.

पहिली पायरी : गरजा समजून घेणे.
पुस्तकात तिला दोन आठवडे दिलेत.
माझा तिसरा महिना चालू आहे.
इथं गरज विचारली
की माणूस आधी चहा सांगतो, मग तक्रार सांगतो,
आणि निघताना, चप्पल शोधता शोधता,
पाठमोराच गरज सांगून जातो.

मल्लेशम मामांची वही :
हजेरी, पिक, बीम नंबर, डझन, सेकंड माल,
आणि अगदी कडेला एक रकाना, बिनशीर्षकाचा.
त्यात ठिपके.
यल्लप्पापुढे तीन, कांडी भरणाऱ्या पद्मव्वापुढे पाच.
हे काय, मामा?
"ते असंच."
असंच नावाचा प्रकार माझ्या कुठल्याच भाषेत बसत नव्हता.

चौथ्यांदा विचारलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला.
"सूत आलं नाही, लाइट गेली, माणूस मात्र आला.
दारापर्यंत आला, डबा घेऊन परत गेला.
त्या दिवसाचा ठिपका.
दोन ठिपक्यांची एक हजेरी, थोरल्या शेठचा शब्द.
कागदावर नाही कुठं.
ह्या शेठला म्हाईत नाही.
मी दिवाळीला बोनसमधी बसवतो."

त्या रात्री जेवताना घास फिरत राहिला तोंडात.
तयार घेतलं असतं
तर हा रकाना आपोआप गळला असता,
कुणाचा हात न लागता, कुणाला पाप न लागता.
आता मला तो लिहावा लागेल,
लिहिला की त्याची बेरीज होईल,
बेरीज झाली की शेठ विचारतील : हे कशाला?

दुसऱ्या दिवशी जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडणाऱ्या
लिंगय्या तात्यांजवळ जाऊन बसले.
भोक असेल तिथं धागा उठतो,
नसेल तिथं खाली राहतो.
चाळीस वर्षं त्यांनी मोर असे लिहिलेत, आहे-नाहीमध्ये.
मी म्हटलं, तात्या, तयार पुठ्ठे नव्हते मिळत?
"मिळायचे की. दुसऱ्याच्या मागाचा मोर.
आमच्यावर लंगडायचा."
मग भोकातून माझ्याकडे बघत,
"पण माग इकतच घेतला हां पोरी.
माग काय कुणी घरी बनवत न्हाई."

घरी येऊन अर्धं लिखाण खोडलं.
जीएसटी, बिलं, गोदाम : विकत.
उचल, पिक, सेकंड माल : आपलं.
आणि मी गेले तर कुणी सांभाळायचं,
यावर एक पान. कोरं.

काल शेठ सह्या करत बसले, पानागणिक,
घाम पुसत, न वाचता, मग वाचत.
एक्केचाळिसाव्या कलमावर थांबले.
मामा दारात उभे, वही छातीशी.
खाली माग चालू होते, त्यामुळे
कुणी काही बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं.
शेठनी पेन टेकवलं,
धरून ठेवलं,
उचललं.
सही नाही. निळा ठिपका, जरा पसरलेला.

त्याचा अर्थ मी अजून विचारलेला नाही.