बारा रात्री

साक्रीपासून ब्राह्मणवेलपर्यंत वारा होता,
तो त्यांनी वहीत लिहून घेतला.
ऊनही लिहून घेतलं, त्याला रकाना पुरेना.
तिसऱ्या रकान्याशी घारपुरे मॅडमचं पेन थांबलं:
थंडी.

मी आरशात बघून म्हटलं,
मॅडम, आमच्या भुसावळला मे महिन्यात सत्तेचाळीस,
टाकीतलं पाणी लोक फुंकून अंगावर घेतात.
हसल्या नाहीत. पेनाला टोपण लावलं फक्त.

म्हणाल्या, डेटा सेंटरमधली यंत्रं रात्रंदिवस जागी,
आणि जागं राहणारं तापतं.
म्हणून सगळे उत्तरेकडच्या देशांत चाललेत,
जिथं पाणी कड्यावरून पडतं त्याची वीज होते
अन् खिडकी उघडली की भागतं.
तिथं म्हणे यंत्रांची ऊब पाइपातून गावाला देतात,
घरटी बिल येतं उबेचं.

उबेचं बिल!
मी सावद्याला दोन उन्हाळे काढलेत, केळीच्या कोल्ड स्टोरेजला.
आत तेरा अंश. स्वेटर घालून खोकी मोजायची.
आणि मागच्या भिंतीचे पंखे
आतली सगळी आग बोळात ओतायचे.
त्या बोळात कुत्रं बसत नसे.
रज्जाकभाईंचं पंक्चरचं दुकान होतं तिथं, ते उठलं.
तेव्हापासून मला ठाऊक आहे,
थंडी कुणी बनवत नाही,
गरमी फक्त दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवतात.
हे मॅडमना बोललो नाही. भाडं दिवसावर ठरलं होतं.

बोललो ते एवढंच, की सातपुड्यात एक पाडा आहे,
मोलगीच्या पुढं,
पौषात तिथं गवतावर दव गोठतं.

तळोद्याच्या टपरीवर सुपडूआबा म्हणाले,
कथा चालना भो?
थंडी पाहायला.
आते ती बी इकत लेतस का?

ओलजी वसावेंच्या अंगणात
मॅडमनी मोहाच्या फांदीला थर्मामीटर बांधला,
आणि रात्रभर शेकोटीपासून लांब बसल्या,
आकड्याला ऊब लागू नये म्हणून.
पहाटे चारला दोन अंश.
फटफटलं तेव्हा पेंढा पांढरा, बैलाच्या पाठीवरचं पोतं पांढरं,
माझ्या बोलेरोच्या काचेवर कुणी मीठ पेरलेलं.

किती रात्री असतं असं?
ओलजींनी दहा बोटं मोजली,
मग बायकोची दोन घेतली.
बारा. एखाद्या साली नऊच.
मॅडम म्हणाल्या, आम्हाला तीनशे लागतात.
ओलजी जरा ओशाळले,
घरी आलेल्या पाहुण्याला भाकर कमी पडावी तसे.
म्हणाले, आहेत त्या बारा घेऊन जा.
आम्हाला त्यांचा त्रासच आहे, पोरं खोकतात.

फोटो पाठवायचा तर रेंज नाही.
जिथं थंडी तिथं टॉवर नाही, हेही वहीत लिहायला हवं होतं.
तासभर चढून वर गेलो,
तिथं चुन्याने रंगवलेला एक दगड आहे,
त्यावर उभं राहिलं की रेंज येते.
रेशनचं मशीनसुद्धा अंगठ्यासाठी तिथंच नेतात.
मॅडम चपला काढून दगडावर उभ्या राहिल्या.
का काढल्या, विचारलं नाही.
गोल फिरत राहिला, फिरत राहिला, आणि गेला.

कुठं गेला? ओलजींनी विचारलं.
खूप लांब. बर्फात.
त्यांनी खाली पाड्याकडं बघितलं.
ऊन आलं होतं. पेंढा पुन्हा पिवळा.
मग बरं झालं, म्हणाले,
इथं तर विरघळलं.

उतरताना मी एसी लावला नाही, त्यांनीही मागितला नाही.
साक्रीजवळ पवनचक्क्या दिसायला लागल्या,
आपल्याच नादात, कुणासाठी कोण जाणे.
मॅडमनी वही उघडली, तिसऱ्या रकान्यात बारा लिहिलं,
खोडलं.
गाडी खड्ड्यातून गेली म्हणून असेल,
रेघ नीट बसली नव्हती.
खालचं वाचता येत होतं.