माया

ऑपरेशननंतर पहिल्यांदा गेले तेव्हा
रुकय्याबीनं टेप दोनदा लावली.
"निम्म्या झाल्या की वो बाई!"
सत्तेचाळीस किलो गेले होते.
पंचायत समितीत लोक मला
माझ्याच टेबलासमोर उभं राहून शोधायचे.

म्हटलं, सगळे ब्लाऊज आत घे,
उरलेलं कापून टाक. आता लागायचं नाही.
ती दातांत टाचणी धरून हसली.
कापलं नाही. दुमडून आत ठेवलं.
शिवणकामात त्याला माया म्हणतात.

तेव्हा पोट अंड्याएवढं.
दोन चमचे वरण, की बस्स.
पेढ्याचा तुकडा खाल्ला तर घाम, धडधड,
फायलींच्या कपाटाला टेकून उभी राहायचे
आणि आतून खूष:
राखणदार जागा आहे.

तो कधी झोपला, सांगता येत नाही.
जेवणात नाही चुकले मी.
दोन जेवणांच्या मधल्या जागेत चुकले.
चहात बुडवलेलं बिस्कीट, मऊ,
कुठंच न अडकता उतरणारं.
कुणाचं प्रमोशन, कुणाचं बारसं.
"चांगली दिसायलीस की आता," सासूबाई म्हणाल्या,
"कशाला रोज त्या गोळ्या?"

काल संभाजीनगरला डॉक्टरनं
बरगड्यांच्या मधे यंत्र टेकवलं.
टक्. टक्. दहा वेळा,
शेजारणीनं बोटानं दार वाजवावं तसं.
वजन चौऱ्याण्णव, ते मला माहीत होतं.
अकरा पॉइंट दोन, हे नव्हतं.
"यकृतात चरबी परत आली. चट्टे धरायलेत."
मग दुखत कसं नाही?
"दुखत नाही, हीच पंचाईत."

आई यकृताला काळीजच म्हणते.
फोनवर ऐकून गप्प झाली,
मग हळूच, "कुणाचं लागलं गं मनाला?"

आज परभणीतलं हे दुकान,
बाहेर रिक्षावाल्यांची भांडणं, आत शिलाईचं तेल.
रुकय्याबी काही विचारत नाही.
ब्लेडनं टाके तोडते, तट्, तट्,
दुमडलेली पट्टी उघडते.
बाकीचा ब्लाऊज उन्हानं विटलेला,
पट्टी मात्र गर्द हिरवी,
दुकानातून आणली तशी.
एवढा हिरवा होता हा?

"अजून अर्धा इंच आहे," ती म्हणते.
आणि मग?
"मग कापड संपतं, बाई."

तो अर्धा इंच असू दे आत, मी म्हणते.
तिच्या दातांत टाचणी.
ती नुसती मान हलवते.