दुरुस्ती

साप्ताहिक ‘बंदरवार्ता’, दर बुधवारी.
चिपळूणच्या वाचनालयात, माळ्यावर,
सन सोळाचा गठ्ठा सोडायला घेतला
तर सुतळी हातातच तुटली.
केळुसकर बाई म्हणाल्या, पानं उलटू नका, उचला.

उचलत गेले.
आगबोटीचं वेळापत्रक. काथ्याचा भाव.
दाभोळच्या कुणा सावकाराची हरवलेली घोडी,
कपाळावर चांद, डावा कान फाटका,
आणून देणारास रुपये दोन.
घोडीला चार ओळी.
लढाईवर गेलेल्यांना माणशी एक,
तीही बारीक टायपात.

पणजोबा, मी तुम्हाला आडनावाने शोधत होते.
पलटणीत कुठलं आडनाव?
तिसऱ्या दिवशी, कसरीने खाल्लेल्या कडेला,
सापडलात:
रुपाजी बिन लखमा, मौजे पालशेत,
मेसोपोटेमियाकडे कामी आला.

पण तुम्ही तर त्रेपन्न साली गेलात,
खळ्यात, विडी पेटवता पेटवता.
माझ्या बापाला तुमचा खोकला आठवतो.

म्हणून पुन्हा उचलणं, बुधवारमागून बुधवार.
अकराव्या बुधवारी, गुरांच्या औषधाच्या जाहिरातीखाली:
‘मागील यादीत नजरचुकीने दिलेला सदरहू इसम
बसऱ्यास इस्पितळात असून हयात आहे.
वाचकांनी क्षमा करावी.’

वाचकांनी.
आमच्या वाडीत तेव्हा वाचता येणारा एकच,
खोताचा कारकून.
यादी त्याने वाचून दाखवली असणार,
कारण पणजी उजव्या हातात बांगड्या भरायची नाही.
तुम्ही परत आलात तरी नाही,
पाच पोरं झाली तरी नाही.
कासार आला की डावा हात पुढे.
कुणी विचारलं तर म्हणायची,
‘ऱ्हाऊदे, ह्यो असाच.’
आम्हाला वाटायचं, दळताना वाजतात म्हणून.

दुरुस्ती कुणी वाचली का तिला,
की तुम्हीच एकदम दारात,
पलटणीचे बूट, कुत्री भुंकतायत,
आणि ती चुलीशी, पांढऱ्या कपाळाची—
ते छापलेलं नाही.
सतराचा गठ्ठा खालच्या कपाटात होता,
पुरात गेला.

फोटोला परवानगी नव्हती.
अकरा बुधवारांच्या तारखा वहीत उतरवून घेतल्या
आणि जाता जाता
घोडीचंही पाहिलं.
ती तिसऱ्याच बुधवारी सापडली होती.