हेस्टर प्लमली, श्वास रोखून

ग्रिम्सबीच्या गोदीवर बाप मासे चिरायचा.
हिनं उच्चार घासून घासून
आवाजातला खारट वास घालवला.

बावीस वर्षं गावोगावची थिएटरं :
या आठवड्यात मोलकरीण, पुढच्यात डचेस,
भाड्याच्या खोलीत गॅसच्या मीटरला शिलिंग,
शेगडीपाशी वाळणारा मोज्यांचा तोच एक जोड.

मग टीव्हीनं बोलावलं. प्रेत म्हणून.
दिग्दर्शक म्हणाला, बाई, तुमच्यासारखं कुणी मरत नाही.
नऊ मालिकांत मेली.
पैसे बरे मिळाले,
आईच्या कबरीला दगड झाला.

काल, नटांच्या वृद्धाश्रमात,
नर्स नाडी बघायला वाकली
तर डोळे मिटूनच पुटपुटली :
हलू नकोस गं, कॅमेरा चालू आहे.

नर्सनं खिडकी उघडली.
समुद्र तसा लांब आहे तिथून.
तरी हेस्टरनं नाक मुरडलं,
बापाला हाक मारली,
अगदी गावाकडच्या उच्चारात.